माझ्या दिराचे दोन डोळे

माझे धाकटे दीर जन्मभर पाण्याचे मीटर बघत फिरले. आमच्या भागातली जितकी घरं त्यांनी पालथी घातली तितकी कुणा दूधवाल्यानेही घातली नसतील. आणि तरी अमक्याच्या घरात काय आहे म्हणून विचारलं, तर या माणसाला सांगता यायचं नाही. कारण ते मान वर करायचेच नाहीत. गल्लीत त्यांना सगळे 'खालमान्या' म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे.

त्याचं कारण होतं. आमच्याकडची घरं जुनी, आणि मीटर बसवले तेव्हा कुणाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, ते सगळे आत, मोरीशेजारी नळाच्या खाली बसवले. म्हणजे मीटर बघायचा तर माणसाला पार स्वयंपाकघरापर्यंत जावं लागे. भाऊजी नोकरीला लागले तेव्हा ज्या म्हाताऱ्या मुकादमाच्या हाताखाली त्यांना दिलं होतं, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दुसऱ्याच्या घरात शिरताना डोळे चपलेत काढून ठेवायचे. बाहेर आलं की पुन्हा घालायचे." भाऊजींनी ते असं काही मनावर घेतलं की डोळे पुन्हा घालायला विसरले ते विसरलेच.

दार वाजवायचे, "पाणीवाला" म्हणायचे, आणि दाराकडे पाठ करून उभे राहायचे. आतून "या" आल्याशिवाय वळायचे नाहीत. मग खाली बघत आत, खाली बघत बाहेर. घरातही तीच तऱ्हा. एकदा आम्ही स्वयंपाकघराला पिवळ्याचा हिरवा रंग दिला. भाऊजी रोज दोन्ही वेळा तिथेच जेवत होते. बऱ्याच दिवसांनी मला म्हणाले, "वहिनी, रंगाचा वास कुठून येतो हो?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांकडून." त्यांना पटलं. आणि लग्न ठरायच्या वेळी मुलीला भेटून आले तेव्हा मी विचारलं, कशी आहे मुलगी? म्हणाले, "पाय ठाम टाकते." माझी धाकटी जाऊ अजून मला विचारते, "ताई, तेव्हा चेहऱ्याबद्दल काहीच नाही बोलले?" मी म्हणते, बोलले असते तरच मला काळजी वाटली असती.

तर अशा माणसाच्या डोळ्यांवर एके दिवशी सरकारची मर्जी बसली.

झालं असं की, दूरच्या एका शहरात एक इमारत जळाली. तळमजल्याच्या खोलीत कुणीतरी थिनरची पिंपं भरून ठेवली होती. बरीच माणसं गेली, लेकरं गेली. मागाहून कळलं की विजेचा मीटर बघणाऱ्याने ती पिंपं पाहिली होती, पण आपलं काम नाही म्हणून तो बोलला नव्हता. सगळा देश हळहळला. आणि सरकारने वटहुकूम काढला. सरकारी कामासाठी जो कुणी घरात जाईल, पाणीवाला, वीजवाला, डासांचं औषध फवारणारा, त्याने आत काय साठवलंय आणि कोण कोण राहतंय ते आपल्या साहेबाला येऊन सांगायचं. दारात परवानगीसाठी थांबायची गरज नाही. सांगितलं नाही तर नोकरी जाणार, आणि मुद्दाम लपवलं तर तुरुंग.

त्यानंतर जे भांडण पेटलं ते काय सांगू. संसदेत बाकं वाजली, टीव्हीवर माणसं एकमेकांचं बोलणं तोडत बसली, केस कापायला गेलेली माणसं अर्धे केस कापून तावातावाने बाहेर पडू लागली. एक पक्ष म्हणे जीव वाचले पाहिजेत, दुसरा म्हणे घर हे घर राहिलं पाहिजे. मी चार बुकं शिकलेली बाई. मला दोन्ही खरं वाटायचं, आणि दोन्ही खरं वाटणाऱ्या माणसाला कुणी बोलू देत नाही.

आमच्या घरात तर ते भांडण पाहुण्यासारखं येऊन राहिलं. आमचे हे आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते. जळालेल्या घरातून माणसं कशी बाहेर काढतात ते त्यांनी पाहिलेलं, त्यामुळे ते वटहुकुमाच्या बाजूने, आणि त्यांना कुणी हसायचं नाही. समोर राहायच्या त्या शिवणवाल्या बाई. त्या खिडकीत मशीन चालवायच्या आणि तिथूनच ह्यांच्याशी वाद घालायच्या.

"ज्याला काही लपवायचं नाही, त्याला भ्यायचं कारण काय?" हे म्हणायचे.

"मग न्हाणीघराला कडी कशाला लावता?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा कसा? आत काही लपवायचं असतं का तुमच्याकडे?"

हे खिडकी लावून घ्यायचे. मग उकाडा झाला की पुन्हा उघडायचे, आणि वाद जिथे तुटला होता तिथून पुढे चालू.

भाऊजी रोज संध्याकाळी कचेरीत जाऊन साहेबांपुढे उभे राहू लागले. साहेब तरुण, नवा बदलून आलेला. वाईट नव्हता, पण शिंक आली तरी आधी नियम बघेल असा. तो विचारायचा, आज काय पाहिलं? भाऊजी सांगायचे, "कोपऱ्यावरच्या घरी फरशी तडकलीय साहेब. पुढच्या घरी पायपुसणं नवं आहे. मास्तरांकडे मांजर व्यायलीय." साहेब म्हणायचा, "माणसं?" भाऊजी म्हणायचे, "असतील साहेब, घर आहे म्हणजे." कचेरीतले बाकीचे तोंडावर हात धरून बसायचे.

यात एक सांगायला हवं. कामचुकार नव्हते हो ते. वटहुकूम निघायच्या कितीतरी आधी एका रंगाऱ्याच्या जिन्याखाली थिनरचे डबे दिसले, तर भाऊजी तसेच मीटर सोडून बंबखान्यात सांगायला गेले होते. ह्यांना ते पक्कं ठाऊक होतं, कारण डबे हलवायला बंब घेऊन हेच गेले होते.

आता मूळ गोष्टीवर येते. शिवणवाल्या बाईंकडे त्यांची भाची येऊन राहिली होती. एका पिशवीनिशी आली, आणि आली ती बाहेर दिसलीच नाही. नवरा तिला मारायचा. नुसतं मारायचा म्हणून भागत नाही, इस्त्रीचे चटके वगैरे प्रकार होते. तो पाण्याच्या पाइपांचा ठेकेदार, पाणीखात्यात त्याची ऊठबस. मुलगी मावशीकडे आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. आमचे हे सुद्धा, जे सरकारला सगळं कळलं पाहिजे म्हणायचे, ते मला हळूच म्हणाले, "बाईंकडे हल्ली दोन ताटं घासल्याचा आवाज येतो. तू कुठे बोलू नकोस."

ठेकेदाराला संशय होता, खात्री नव्हती. तो पोलिसांकडे गेला. पोलीस म्हणाले, सज्ञान बाई आहे, आपणहून गेलीय, आम्हाला कुणाच्या घरात शिरता येत नाही. मग त्याला युक्ती सुचली. पाणीखात्यात येऊन साहेबाला म्हणाला, तुमचा माणूस तर शिरतो ना. त्याला विचारा, आणि तो काय म्हणतो ते मला सांगा. नोंद नसलेलं माणूस घरात ठेवलंय, तेव्हा हे वटहुकुमातच बसतं.

आणि बसत होतंही. गंमत बघा, साहेबाला स्वतःला त्या घरात पाऊल टाकायचा हक्क नव्हता. पोलिसांना नव्हता. एवढं मोठं सरकार, त्याची सगळी ताकद पायरी पायरी उतरत खाली आली आणि माझ्या दिराच्या दोन डोळ्यांत येऊन बसली. आणि ते डोळे तर चपलेत.

साहेबाने भाऊजींना विचारलं, "शिवणवाल्या बाईंच्या घरात कोण कोण राहतं?"

"मी मीटर बघायला जातो साहेब."

"मागच्या वेळी गेलात तेव्हा दुसरी बाई पाहिली का?"

"मी वर बघत नाही साहेब."

"म्हणजे नाही पाहिली, की सांगायचं नाही?"

साहेबाने चौकशी लावली, खात्याच्या मोठ्या बाईंपुढे.

भाऊजींनी घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा धाकटी जाऊ खालीच बसली. इकडे आड तिकडे विहीर. सांगावं तर ती पोर पुन्हा त्या इस्त्रीवाल्याच्या हाती. न सांगावं तर नोकरी जाणार, आणि लपवलं असं ठरलं तर ह्या वयात तुरुंग. शिवणवाल्या बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या आमच्याकडे आल्या, दारातच उभ्या राहिल्या. नुसतं भाऊजींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी तिला दुसरीकडे पाठवते."

भाऊजी म्हणाले, "आत्ता बाहेर पडली तर कोपऱ्यावर त्याचा माणूस उभा आहे. काळ्या बुटांचा. राहू द्या."

संध्याकाळी दोघे भाऊ पायरीवर बसले. मी आत होते, पण कान बाहेर होते.

"हे बघ," हे म्हणाले, "कायदा तुला पटो न पटो, खोटं बोलू नकोस. खोट्याचे पाय लवकर मोडतात."

"नाही बोलणार, दादा. मला येतच नाही. लहानपणीही माझ्या वाटचं खोटं तूच बोलायचास."

"मग काय सांगणार?"

"विचारतील तेवढ्याचं खरं."

हे उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "तो वटहुकूम पिंपांसाठी होता रे. बायका शोधायला नव्हता." ह्यांच्या तोंडून ते ऐकून मी हातातलं वाळवण तसंच धरून उभी राहिले.

चौकशीला घरचं एक माणूस सोबत नेता येत होतं. जावेचा रक्तदाब चढलेला, तिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. हे म्हणाले, मी आलो तर भांडेन. मग मी गेले. कोण कुणासाठी काय करेल सांगता येत नाही, मी आयुष्यात पहिल्यांदा पंख्याखाली चार खुर्च्या सोडून सरकारपुढे बसले.

खोली लांबट. टेबल मोठं, पण पुढून उघडं, त्यामुळे पलीकडे बसलेल्यांचे पाय दिसत होते. मोठ्या बाई मधे, तरुण साहेब बाजूला. बाई दमलेल्या दिसत होत्या. त्या दिवसातली आमची कितवी चौकशी कोण जाणे.

"तुम्ही घरात जाता आणि काही बघत नाही, असं म्हणणं आहे तुमचं?"

"वर बघत नाही, बाईसाहेब."

"मॅडम, हे शक्य नाही," साहेब म्हणाला.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही कोण?"

"यांची वहिनी."

"हे घरात पण असेच?"

मी म्हटलं, "बाई, आमच्या स्वयंपाकघराच्या रंगाची गोष्ट सांगू का?" आणि सांगितली. दारातल्या शिपायाला हसू आवरलं नाही. साहेबाला मात्र ते लागलं. त्याला वाटलं आम्ही ठरवून आलोय.

"मान वर करायची नाही," तो भाऊजींना म्हणाला. "मॅडमच्या मागे भिंतीवर काय आहे? या खोलीत तुम्ही वर्षानुवर्षं येता."

"ठाऊक नाही साहेब."

"मॅडमना चष्मा आहे का?"

"ठाऊक नाही."

"मी ओळखीची नाही का तुमच्या?" बाई म्हणाल्या. "दारातून आल्यापासून तुम्ही पाहिलंत तरी काय?"

भाऊजी खाली बघतच होते. सरळपणे म्हणाले, "बाईसाहेब, तुमच्या उजव्या चपलेचा अंगठा नव्याने शिवलाय. चप्पल तपकिरी आणि दोरा काळा. डाव्या घोट्याला सूज आहे, म्हणून तो पाय चपलेबाहेर काढलाय. साहेबांचे बूट चांगले आहेत, पण एक मोजा रेघांचा आहे आणि एक साधा."

साहेबाने पाय असे मागे ओढले की खुर्ची करकरली. शिपाई बाहेरच पळाला. बाई हसल्या, अगदी मनापासून, हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. साहेबसुद्धा ओशाळं हसला आणि म्हणाला, "खरंच आहे मॅडम, हा माणूस जमिनीवरच जगतो."

मीही हसत होते. आणि एकदम थांबले.

ज्या माणसाला चपलेच्या अंगठ्यातला काळा दोरा दिसतो, त्याला एका घरात दोन पाय आहेत की चार, ते दिसणार नाही का? सुटायला म्हणून जे बोलले त्यातच भाऊजी स्वतःला अडकवून बसले होते. साहेबाच्या ध्यानात नव्हतं आलं, त्याचं सगळं लक्ष मोज्यांत. मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांचं हसू थांबलं होतं. त्या आपल्या चपलेकडे बघत होत्या. मग त्यांनी भाऊजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, संपलं. एक प्रश्न, पाय किती होते म्हणून, आणि हा माणूस खरं सांगणार. त्याला दुसरं येतच नाही.

बाईंनी सुजलेला पाय हळूच चपलेत घातला.

"त्या घरात जमिनीवर पिंपं, डबे, असं काही पेटणारं ठेवलेलं आहे का?"

"नाही बाईसाहेब. असतं तर त्याच दिवशी सांगितलं असतं. पेटणारं सगळं जमिनीवरच असतं."

"मीटर बरोबर चालतोय?"

"थेंब गळत नाही."

"त्या घरातल्या दुसऱ्या कुणा बाईला समोर उभं केलं, तर चेहऱ्यावरून ओळखाल?"

"नाही ओळखता येणार."

"हे खरं सांगताय?"

"खरं सांगतोय."

बाई साहेबाकडे वळल्या. "तुमची तक्रार होती की यांनी दुसरी बाई पाहिली आणि लपवली. यांनी तर माझाही चेहरा पाहिलेला नाही. न पाहिलेलं लपवलं म्हणून मी कुणाची नोकरी घेऊ शकत नाही. आणि त्या ठेकेदाराला सांगा, खातं पाण्याचं आहे. बायको हरवली असेल तर कोर्टात जा म्हणावं. तिथे तिचंही ऐकतात."

साहेब म्हणाला, "हो मॅडम." आणि मला वाटतं, त्यालाही बरंच वाटलं असावं. नियमातून सुटका झाली की नियमवाल्यालाही हलकं वाटतं.

माझा जीव भांड्यात पडला, पण आता उठायचं असतं हे सुचलंच नाही. भाऊजींनीच हाताला धरून मला बाहेर आणलं. रस्त्यावर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसलो. चहा अर्धा झाला तेव्हा मी विचारलं.

"भाऊजी, पाय किती होते?"

त्यांनी ग्लासात बघितलं. "दोन पॅडलवर होते. दोन मागच्या स्टुलाच्या दांडीवर. त्यातल्या एका पावलावर त्रिकोणी डाग, इस्त्रीच्या टोकासारखा." मग म्हणाले, "तो पहिल्या दिवशी लाल होता. आता फिका पडलाय."

"मोठ्या बाईंना कळलं."

"कळणारच. माझ्यासमोर विचार करत होत्या, पायाचा अंगठा वळवून धरला होता." आणि मग या माणसाने ग्लास माझ्यापुढे सरकवला, उरलेला चहा मलाच प्यावा लागला.

आमच्या घराच्या दोन दारं अलीकडे गल्लीत हे उभे होते. ऊन नाही, पाऊस नाही, आणि हातात छत्री. घरात बसवेना म्हणून काहीतरी घेऊन निघायचं तर छत्री हाताला लागली. आम्हाला बघितलं, पण पुढे काही आले नाहीत.

"काय झालं?"

"सुटलो."

"खोटं बोललास?"

"नाही. विचारलंच नाही."

ह्यांनी छत्री भावाच्या हातात दिली आणि कुणाच्यातरी पायरीवर बसून घेतलं. "सरकारला सगळं कळायला हवं, हे माझं मत कायम आहे," ते म्हणाले. "पण सरकारात अशी एखादी बाई असायला हवी, तिला काय विचारू नये ते कळणारी."

"आणि दर ठिकाणी ती नसली तर?" समोरच्या खिडकीतून आवाज आला. शिवणवाल्या बाई मशीन थांबवून सगळं ऐकत होत्या. आवाज नेहमीचा होता, पण डोळे सुजलेले होते. "म्हणून दाराला कडी लागते, बंबवाले."

ह्यांनी नेहमीप्रमाणे बोट वर केलं. मग म्हणाले, "आज तुमचं चालू द्या."

पुढे तो वटहुकूम संसदेत आला तेव्हा त्याची पुष्कळ काटछाट झाली. पेटणारं, फुटणारं काही दिसलं तर सांगायचंच, न सांगेल त्याला शिक्षा. पण घरात कोण राहतं ते विचारायचं नाही, आणि आतून होकार आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ह्यांना वाटलं आपण जिंकलो, शिवणवाल्या बाईंना वाटलं आपण जिंकलो. दोघांनी एकमेकांना ते खिडकीतून ऐकवलं. ती भाची कोर्टात स्वतःच्या पायांनी गेली, मावशीचा हात धरून, भर दिवसा. कोपऱ्यावरचे काळे बूट केव्हाच दिसेनासे झाले होते.

पण मला लक्षात राहिलाय तो चौकशीनंतरचा पहिला सुट्टीचा दिवस. भाऊजी कोंबडा आरवायच्या आधी उठणारे. त्या दिवशी ऊन अंथरुणावर आलं तरी उठले नाहीत. जाऊ दोनदा जाऊन श्वास बघून आली. मग तिने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, मला हातातली पातेली खाली ठेवायला लावली, आणि ह्यांना रेडिओ बंद करायला सांगितला. जेवणं झाली, भांडी तशीच पडून राहिली. दुपार कलली तरी ते झोपलेलेच होते, आणि आम्ही तिघं घरभर पावलं न वाजवता चालत होतो.